तिसरा तांब्या

मिशनच्या दवाखान्यातली शेळी मेली त्या दिवशी मला तो शब्द पहिल्यांदा दिसला. मेली म्हणजे मारली. समोरच्या रस्त्यावर ट्रकनं तिची कंबर मोडली होती. मागचे पाय ओढत ती कुंपणापर्यंत आली आणि तिथंच ओरडत पडली. तालुक्याहून जनावरांचा डॉक्टर आला, त्यानं बघितलं, मान हलवली आणि इंजेक्शन भरलं. मदरनं शेळीचं डोकं मांडीवर घेतलं, मी पाय धरले. मी नर्स माणसांची, पण धनगराच्या घरची, त्यामुळे असली कामं न सांगता माझ्याकडे यायची.

मदर म्हणजे दवाखाना चालवणारी म्हातारी नन. मूळची स्पेनची. तरुणपणी गोव्यात आली, तिथून आमच्या बीड जिल्ह्यात, आणि मग परत गेलीच नाही. मराठी पुस्तकातल्यासारखी बोलायची, चिडली की मात्र अस्सल मराठवाड्याच्या शिव्या द्यायची. रोज संध्याकाळी ती एका वहीत दिवसभराचं लिहून ठेवी. कुणाला ताप, कुणाचं बाळंतपण, किती पाऊस. त्या संध्याकाळी औषधांचं कपाट लावता लावता मी वहीत डोकावले. स्पॅनिश मला येत नव्हतं, पण अक्षरं इंग्रजीचीच, आणि कोर्सपुरतं इंग्रजी मला होतं. एक शब्द ओळखीचा वाटला.

"मदर, शेळीला इंजेक्शन दिलं त्याला तुम्ही सॅक्रिफाइस लिहिलंय?"

"साक्रिफीथिओ," ती म्हणाली. तो 'थ' त्यांच्या मुलखातला की समोरचा दात पडल्यामुळे आलेला, हे मी कधी विचारलं नाही. "आमच्याकडे जनावरांचा डॉक्टर कागदावर असंच लिहितो. दुखणारं जनावर मारलं, साक्रिफीथिओ. गोव्यातल्या म्हाताऱ्या सिस्टर पोर्तुगीज बोलायच्या, त्यांचाही शब्द हाच. फक्त शेवटी ओठ मिटायच्या, साक्रिफीसिउ."

मला हसू आलं. मदरला बोलायचा मूड होता. तिचा बाप मेंढपाळ, हे मला ठाऊक होतं. आमचं जमायचं त्याचं तेच कारण. ती सांगत गेली. हाच शब्द चर्चमध्ये पाद्री वेदीपुढे उभा राहून म्हणतो. हाच शब्द तिची आई म्हणायची, पोरांना वाढून स्वतः पातळ सूप प्यायची तेव्हा. आणि बुद्धिबळातसुद्धा हाच. एक मोहरं मुद्दाम मरायला पुढे करायचं आणि दुसरं वाचवायचं.

"एवढ्या सगळ्याला एकच शब्द?" मी म्हणाले. "गरीबच म्हणायची तुमची भाषा."

"मारणं ह्या शब्दात कुठंच नाही," मदर म्हणाली. "जुन्या लॅटिनचे दोन तुकडे आहेत. पवित्र, आणि करणं. एखादी वस्तू पवित्र करायची, म्हणजे आपल्यातून काढून देवाच्या बाजूला ठेवायची. मारणं नंतर आलं. आणि त्या पवित्रला एक वाईट बाजू होती. रोमन लोक एखाद्या माणसाला असा वेगळा काढायचे, देवाच्या हवाली करायचे. मग त्याला कुणी ठार केलं तरी गुन्हा नाही. तो आता आपला नाही ना."

मी कपाटाचं दार लावलं. कुलूप घालताना किल्ली दोनदा खाली पडली. बुद्धिबळ मला येत नाही, पण मोहरं मी ओळखलं होतं.

आमच्या घरात यातला एकही शब्द नव्हता. 'त्याग' हा पंधरा ऑगस्टच्या भाषणातला, तो ऐकला की मला अजून बसल्या जागी चीड येते. ज्याच्यावर वेळ येते तो कधी हा शब्द वापरत नाही. 'बळी' वर्तमानपत्रातला, अपघात झाला की छापायचा. 'कुर्बानी' शेजारच्या मोहल्ल्यातली, ईदेला. आम्ही म्हणायचो, देवाला दिलं. आणि देऊन भागत नसे. देवानं घेतलं पाहिजे.

देवानं घेतलं हे कसं कळायचं ते सांगते, कारण सगळं त्याच्यावर आहे. बिरोबापुढे मेंढा उभा करायचा. कुणी त्याला धरायचं नाही. त्याच्या मानेपासून शेपटीपर्यंत तांब्यानं पाणी ओतायचं. मेंढ्यानं सर्वांग झाडलं, थरथरून पाणी उडवलं, तर देवानं घेतलं. नाही झाडलं तर नाही घेतलं. मेंढा परत कळपात. तीन तांबे, त्याच्यावर चौथा नाही. पाणी ओतायचं ते घरच्या बिनलग्नाच्या पोरीनं. आणि एक नियम, जो कुणी बोलून दाखवत नसे कारण प्रत्येक धनगराला तो जन्मापासून ठाऊक असतो. कानाला पाणी लागू द्यायचं नाही. कानात पाणी गेलं की मेंढरू अंग झाडणारच, त्यात देवाचा काही संबंध नाही.

आम्ही तिघी बहिणी. आमचं गाव नांदूरघाटच्या अलीकडं. थोरलीचं लग्न मांजरसुंब्याजवळच्या एका घरात झालं होतं. मधली आक्का. मी धाकटी. त्या वर्षी गावात वाण्याच्या दुकानात पहिला एसटीडीचा फोन आला होता आणि बाजारात प्लॅस्टिकच्या धाग्याच्या रंगीत चादरी आल्या होत्या. बाजार मोकळा झाला असं रेडिओ सांगायचा. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच होता, की घोंगडं कुणी घेईना आणि कातरलेली लोकर पोत्यांत भरून घरातच पडून राहिली. बाबा पोत्यांवर बसून विडी ओढायचे.

त्याच वर्षी थोरली गेली. सासरचे म्हणाले कावीळ. दोन लेकरं मागं राहिली, एक चार वर्षांची मुलगी आणि एक अजून रांगणारा मुलगा. तेरावं झालं आणि दाजी दारात येऊन बसले. लेकरांना मावशी द्या म्हणाले. यात वावगं असं कुणाला वाटलं नाही. आमच्यात बहिणीच्या जागी बहीण देतात, सावत्रपण येत नाही म्हणतात.

आक्का सरळ म्हणाली, "मी न्हाई जायची त्या घरात. थोरलीच्या पाठीवर मी वळ बघितलेत."

तिच्यासाठी वडवणीकडचं एक स्थळ आलं होतं. तो पोरगा उन्हाळ्यात कळप घेऊन आमच्या शिवारात उतरला होता तेव्हा आक्कानं त्याला पाहिलं होतं. ती काही बोलली नव्हती, पण त्या दिवसांत भाकरी थापताना गुणगुणायची, एवढं मी ऐकलं होतं. बाबांना हे सगळं कळत होतं. ते मारझोड करणारे बाप नव्हते. लेकीला ढकलून द्यायचं त्यांच्या हातून होत नव्हतं आणि नाही म्हणायचंही होत नव्हतं.

मायनं मात्र रांगणारं पोर कडेवर घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ती न्हाई तर ही."

ही म्हणजे मी. सतरा वर्षांची. दहावी पास झाले होते, आणि आठच दिवसांपूर्वी बीडच्या नर्सिंगच्या कोर्सला नंबर लागल्याचं पत्र आलं होतं. ते पत्र मी उशीच्या अभ्र्यात ठेवलं होतं. माय असं म्हणाली तेव्हा मी आत जाऊन अभ्र्यात हात घातला, पत्र आहे का बघायला. त्या दिवसापासून मला आक्काचं तोंड बघवेना. ती नाही म्हणाली त्याचा मला राग आला होता, हे खरं आहे आणि ते लिहिलंच पाहिजे.

शेवटी बाबा म्हणाले, "आपुन देवालाच इचारू. मेंढा उभा करू. देवानं घेतला तर आक्का मांजरसुंब्याला. न्हाई घेतला तर वडवणी. मग पुन्हा कुणी कुणाला बोलायचं न्हाई."

परक्या माणसाला हे वेडेपण वाटेल. आम्हाला सुटका वाटली. कुणाच्याच माथी काही येणार नव्हतं. आक्कानं एवढंच मागितलं, की मेंढा तिचा घ्यायचा. आई मेलेलं ते कोकरू तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. कळपातलं दुसरं कुठलंही जनावर गेलं असतं तर तिला परवडलं असतं, हाच मेंढा का म्हणून बाबा बघत राहिले. मला कळलं. ती त्याला दर आठ दिवसांनी ओढ्यावर अंघोळ घालायची, भर थंडीतसुद्धा, आणि तो डोळे मिटून उभा राहायचा. अंगावर पाण्याची घागर रिकामी केली तरी हलायचा नाही. आक्कानं तिचं सगळं त्याच्यावर लावलं होतं.

देवळापुढं आम्ही सकाळी पोचलो. बाबा, माय, दाजी, भावकीतले पाचसहा जण. मेंढ्याच्या कपाळाला भंडारा लावला. आक्का बाजूला उभी होती, तिच्याकडे बघत मेंढा रवंथ करत होता. कौल आक्काचा, म्हणून पाणी ओतायचं माझ्याकडे आलं. मी पहिला तांब्या ओतला, मानेपासून शेपटीपर्यंत, रीतीप्रमाणे. पाणी लोकरीतून निथळलं. मेंढा हलला नाही.

दुसरा तांब्या. मेंढ्यानं शेपूट हलवली, तेवढंच. दाजी खाकरून थुंकले. बाबांनी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "देवा, काय चुकलं मापलं असंल तर पदरात घे." मी आक्काकडे बघितलं. तिच्या तोंडावर रंग यायला लागला होता. ती हसत नव्हती, पण खालचा ओठ दातांत धरून ती हसू आवरत होती. मायनं पुन्हा माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. कडेवरचं पोर तिनं दुसऱ्या कडेला घेतलं.

तिसऱ्या तांब्याला मी मेंढ्याच्या पलीकडच्या बाजूला गेले. डोक्यावरची ओढणी पुढं आली होती, ती मी मागं सारली नाही. मेंढ्याचं शिंग कानावरून वळलं होतं. मी तांब्या मानेवर कलवला आणि तसाच शिंगाच्या आत कलता केला. बोटं दिसू नयेत म्हणून दुसऱ्या हातानं ओढणीची कड पुढं धरली. किती वेळ लागला असेल? डोळ्याची पापणी लवेपर्यंत.

मेंढ्यानं असं अंग झाडलं की पाणी बाबांच्या तोंडावर उडालं. सगळे एकदम ओरडले, "घेतलं! घेतलं! देवानं घेतलं!" भंडारा उधळला. माय रडायला लागली. माझ्या हातातला तांब्या रिकामा होता आणि मला पोटात कसं हलकं हलकं वाटत होतं. त्या हलकेपणाची मला आजही किळस येते.

आक्का रडली नाही. ती मेंढ्याजवळ आली, त्याच्या ओल्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाली, "ह्यो पान्याला कधीच हलला न्हाई. आज हलला मंजी देवच." मग पायरीवर कपाळ टेकवून उठली आणि बाबांना म्हणाली, "बरं. कधी जायचं सांगा."

त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत तिनं मटण खाल्लं नाही, बाकी सगळ्यांनी खाल्लं. मीही खाल्लं.

मी बीडला गेले. होस्टेल, पांढरा गणवेश, मैत्रिणी, पहिला पगार, मग मिशनच्या दवाखान्यातली नोकरी. दवाखान्यात टीव्ही आला, गावात केबल आली. मी स्वतःच्या पायावर उभी राहिले असं लोक म्हणायचे. मी ऐकून घ्यायचे.

आक्का मांजरसुंब्याला गेली. दाजींनी पहिल्या दोन वर्षांतच मेंढरं विकली आणि ट्रकवाल्यांच्या नादी लागले. हायवेला नवेनवे ढाबे होत होते, थंड पेयांचे लाल पिवळे फलक लागत होते, त्यातल्याच एका ढाब्याच्या मागच्या बाजूला आक्का भाकरी करायला लागली. तिला स्वतःचं मूल झालं नाही. थोरलीची दोन्ही लेकरं तिला आई म्हणत. दाजी प्यायचे आणि मारायचे. एकदा तिचं डावं मनगट मोडलं, वेळेवर कुणी नेलं नाही, ते वाकडंच बसलं. त्या हातानं ती भाकरी थापायची. मी मलम नेऊन द्यायचे, बँडेज नेऊन द्यायचे, पोरांना खाऊ. मनगट बघून डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायची, "आता काय त्याचं? भाकरी गोल येती की."

एकदा तिच्या पाठीला तेल लावताना मी रडायला लागले. वळांवर वळ होते. थोरलीच्या पाठीवरचे मी पाहिले नव्हते, पण ते असेच असणार. आक्कानं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि तिलाच माझी दया आली.

"रडू नको गं. मला त्येचं लागत न्हाई," ती म्हणाली. "खरंच सांगते. त्यो मारतो तवा मी मनात म्हनते, मला देवानं इथं ठिवलंय. माजा मेंढा हलला व्हता. देवानं मागून घेतलेलं हाय हे. त्यो पट्टा काढतो आन् मला त्या दिवशीचा भंडारा दिसतो. त्येचं लागत न्हाई."

हे ती दुःखानं बोलत नव्हती. तिच्या बोलण्यात एक ताठा होता, जसा चांगल्या घरी पडलेल्या बाईच्या बोलण्यात असतो. ढाब्यावरच्या बाकीच्या बायका तिला मानायच्या. कुणाचं पोर आजारी पडलं की आक्काला भंडारा लावायला बोलवायच्या. मी तेलाची बाटली बंद केली आणि एसटीनं परत आले, आणि आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

म्हणून शेळी मेली त्या संध्याकाळी मदर 'पवित्र' आणि 'करणं' असं बोलत होती तेव्हा माझ्या हातून किल्ली पडली. देवाच्या बाजूला काढलेली, मग तिला कुणी मारलं तरी गुन्हा नाही. आक्का मी तशीच काढून ठेवली होती. कुठल्या देवानं मागितली नव्हती.

पुढं तीनचार दिवसांनी मी मदरला सगळं सांगितलं. कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ती वही मिटून ऐकत बसली. मध्ये एकदाच बोलली, "तुझं वय काय होतं?" मी सांगितलं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला वाटलं आता ही म्हणेल, लहान होतीस, जाऊ दे. तेवढंच मला हवं होतं.

"हे माझ्याजवळ नको उतरवूस," मदर म्हणाली. "चोरून दिलेलं पवित्र होत नाही. जिला दिलंस तिला सांग. तिचं तिला परत कर."

किती बरोबर वाटलं होतं मला ते वाक्य. मदर भली बाई होती, तिनं हजारो बाळं आपल्या हातांनी जगात आणली. पण तिच्या शब्दाचे अर्थ सांगताना एक गोष्ट तिलाही सुचली नाही आणि मलाही. पवित्र करणारी मी नव्हतेच. मी फक्त पाणी ओतलं होतं. ते काम आक्कानं एकटीनं केलं होतं, एकेका दिवसानं, एकेका फटक्यानं, इतकी वर्षं. तिच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी नर्स, माणसाला कोणता आधार काढला तर ते कोसळेल हे कळणं माझा धंदा होता.

पण मला घाई झाली होती. मी रविवारची सुट्टी घेतली आणि मांजरसुंब्याला उतरले.

दुपार होती. ढाब्याच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या सावलीत आक्का पीठ मळत बसली होती. पुढं गिऱ्हाईक कमी होतं, एक ट्रकवाला बाजेवर झोपला होता. ती मला बघून हसली, हात पुसून पाणी द्यायला उठायला लागली. मी तिला खाली बसवलं. वाटेत बसमध्ये मी काय काय जुळवून ठेवलं होतं, माफ कर, मी पोर होते, मला भीती वाटली. त्यातलं काही आलं नाही. मी एकदम म्हणाले, "आक्का, मेंढा देवानं हलवला नव्हता. मी त्याच्या कानात पाणी घातलं."

तिचे हात पिठात थांबले.

"कंच्या येळेला?"

"तिसऱ्या तांब्याला."

"कंच्या कानात?"

"पलीकडच्या. शिंगाच्या आतून."

तिनं पीठ पुन्हा मळायला घेतलं. बराच वेळ मळत राहिली, मऊ झालं तरी मळत राहिली. मी वाट बघत होते, तिनं मला शिव्या घालाव्यात, वाकड्या हातानं थोबाडीत मारावं. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मंजी त्येनं न्हाई घेतलं," ती म्हणाली.

"न्हाई."

"दोन तांब्याला हलला नव्हता."

"नव्हता."

"मंजी देवानं मला वडवणीला धाडली व्हती."

 हा विचार मी इतक्या वर्षांत एकदाही इथवर आणला नव्हता. मी सारखी माझं पाप, माझं पाप करत बसले होते. देवानं तिची बाजू घेतली होती, दोनदा, आणि ते तिला आज कळत होतं, मनगट मोडल्यावर, केस पिकायला लागल्यावर.

आक्कानं परातीवर फडकं झाकलं. मग वर बघितलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत, राग असता तर मी तो घेऊन सुखानं परत आले असते.

"हे मला कावून सांगितलंस?"

"मला सोसवंना झालतं, आक्का."

"मला सोसत व्हतं की गं," ती म्हणाली.

पुढून कुणीतरी भाकरीची हाक दिली. ती चुलीपुढं सरकली. मी पिशवीतला खाऊ पोरांसाठी खाटेवर ठेवला आणि बसच्या थांब्यावर आले. मदरला मी एवढंच सांगितलं, की सांगून आले. तिनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, आता तुला बरं वाटेल. पहिल्यांदाच मला त्या म्हातारीचा राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

चारपाच दिवसांनी दवाखान्यात फोन आला. थोरलीची मुलगी होती, आता चांगली मोठी झालेली, एसटीडीवरून बोलत होती. मागं गाड्यांचा आवाज होता आणि ती दम लागल्यासारखी बोलत होती.

"मावशी, तुमी येता का? आईला काय झालंय कळंना."

"काय झालं? मारलं का दाजींनी?"

"मारलं, पर रोजच्यासारखंच. जास्त न्हाई मारलं. पट्ट्याचा पयला फटका बसला आन् आई किंचाळली, मावशी. आमी दोघं घाबरलो. आमी तिला कधी वरडताना ऐकलंच नव्हतं."